आज दांडी

जना, मला तुझा संशय आहे.

गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये, असं आमची ही म्हणते. गेलेल्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणते. लिहीन की. शब्दांची मला कधी टंचाई पडली आहे? पण आधी संशय. गणपती उठले होते, मी मंडपाचे बांबू सोडवत होतो, आणि फोन आला की तू दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. रडू नंतर आलं. डोक्यात आधी काय आलं सांगू? जन्यानं दांडी मारली! दिवाळी झाली की शहापूरहून थेट वेंगुर्ल्यापर्यंत सायकलवर जायचं, असं आपलं दोघांचं ठरलं होतं. सगळ्या तालुक्याला सांगून झालं होतं, म्हणजे मीच सांगितलं होतं. आणि हे महाराज निघायच्या आधीच पसार.

तुला न्यायला माणसं जमली तेव्हा सगळे म्हणत होते, भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान डोलावत होतो आणि तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तुझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात ती मुरड होती. शाळेपासून ओळखतो मी तिला. माझ्यापासून काही लपवलंस की ती पडायची. मी शेवटपर्यंत वाट बघत राहिलो की आता हा एक डोळा उघडेल.

पहिला संशय मला तुझ्या निरोपसमारंभातच आला होता. भातसानगरच्या तुमच्या हॉलमध्ये मंडप माझा, लाउडस्पीकर माझा आणि निवेदनही माझंच. तुला शाल दिली, नारळ दिला, साहेब म्हणाले, आता दोन शब्द बोला. धरणाच्या नोकरीत तू पाण्याचाच आवाज जास्त ऐकलास, माणसांशी बोलायची तुझी सवयच मोडलेली. तू माईक उलटा धरलास. मी सुलटा करून दिला. मग तू म्हणालास, "मी आता सायकलवरनं वेंगुर्ल्याला जानार हाय. पद्या बी येतोय." आणि खाली बसलास.

पद्या म्हणजे मी! मला कुणी विचारलं होतं? नाक्यावरून मिरच्या आणायला मी टेम्पो काढतो. माझं पोट माझ्या आधी घरात शिरतं. पण हॉल टाळ्या वाजवत होता आणि माईक पुन्हा माझ्या हातात आला होता. अशा वेळी मी कशालाही हो म्हणतो, हे तुला पुरतं माहीत होतं. "येतोय! पद्या येतोय!" असं मीच ओरडलो.

परत येताना टेम्पोत तुला विचारलं, "मीच का रे?"

"एकटा निघालो तर ही सोडनार नाय."

"आणि माझ्याबरोबर सोडेल?"

"तू बरोबर असलास तर मी कुठं हाय ते सगळ्यांना ऐकू येतं."

झालं. दुसऱ्याच दिवशी तू माझ्या दारात घंटी वाजवत उभा. तुझी ती काळी सायकल, तुझ्या लग्नाच्याही आधीची, चेनला तेल, मडगार्ड पुसलेलं. मी ठाण्याहून गियरची आणली, पोपटी रंगाची. तू तिच्याभोवती फिरलास, बैल बघायला आलेल्या माणसासारखा. मग वाकून म्हणालास, "हिची दांडी कुठाय?"

"ही काय." मी सीट आणि हँडल यांच्यामधली नळी दाखवली.

"ही तिरपी हाय. घसरगुंडी हाय ही. हिच्यावर कोन बसंल?"

"कुणाला बसवायचंय? आपण काय बाजारातून पोरं आणतोय?"

तू ओठ मुरडलास. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी गियरवर भाषण सुरू केलं. चढावर गियर म्हणजे काय चीज आहे, गुडघ्याचं वंगण, या वयात हट्ट बरा नव्हे, ही लोखंडाची म्हैस विकून टाक. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हैस तर म्हैस. सवयीची हाय." हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. चढावर मी खटाखट गियर बदलत मागे राहायचो आणि तू सीटवरून उठून, उभ्यानं पायडल मारत, वर जाऊन माझी वाट बघत बसायचास. मला वाटायचं, याच्या पाण्याच्या बाटलीत काहीतरी आहे. तू झाडामागे गेलास की मी ती बाटली हुंगायचो. कोकम, मीठ, गूळ. एकदा चाखूनही पाहिलं. कोकम, मीठ, गूळ.

शरीराची तयारी म्हणजे काय असते ते मला त्या महिन्यांत समजलं. ती मांड्यांत नसते. ती जिथे आपण बसतो तिथे असते. पहिल्या आठवड्यात मी उभ्यानं जेवलो. मंडपाच्या ऑर्डरी उभ्यानं घेतल्या. गिऱ्हाइकांना वाटलं, धंदा वाढलाय, बसायला सवड नाही. तू मात्र रोज थोडंच अंतर वाढवायचास. दरवाजा एकदम उघडला तर खालची गावं वाहून जातात, असं तू धरणाबद्दल सांगायचास आणि माझ्या गुडघ्याकडे बघायचास.

आणि मनाची तयारी! तिथे तर तू माझा छळ केलास. किन्हवलीच्या वाटेवर आपली चहाची टपरी, तिथून आपण मागे वळायचो. तू म्हणालास, रोज वळायच्या जागेवरनं थोडं म्होरं जायाचं. "पाय दमत नाय रे पद्या. पायांना घर आठवतं." आणि पुढचा हुकूम: परतीच्या वाटेवर बोलायचं नाही. अक्षर नाही. "लांबच्या वाटेला बोलून दम जातो. तुझे पाय तयार व्हतील, तुझं तोंड काय तयार व्हनार नाय." मी! ज्याला लग्नात नवरदेवापेक्षा जास्त टाळ्या पडतात, तो मी तोंड मिटून शेतांच्या कडेनं जाणार! पहिल्या दिवशी मी एका म्हशीशी बोललो. तू म्हणालास, म्हशीशी बोललेलं पन धरलं जाईल.

पण खरं सांगतो, त्याच वाटेवर मी पहिल्यांदा ऐकलं की माझ्या छातीत श्वास कसा वाजतो. तुझ्या सायकलच्या चेनचा आवाज ऐकला. बांधावरच्या बाईनं दुसरीला मारलेली हाक ऐकली. इतकी वर्षं मी सगळ्यांना आवाज विकला, आणि जरा गप्प बसल्यावर फुकटात किती ऐकू येतं, हे तू मला दाखवलंस. ही कृतज्ञता. नोंदवली. आता परत संशयाकडे.

दुसरा संशय धसईचा. त्या टपरीवर टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून तू आपला रस्ता काढलास. शहापूर, किन्हवली, सरळगाव, तिथून मुरबाड, म्हसा, कर्जत, मग पेण आणि खाली समुद्राच्या कडेकडेनं वेंगुर्लं. छान. पण सरळगावाशी तुझं बोट थांबलं आणि भलतीकडे वळून धसईला गेलं, आणि तिथून परत मुरबाडला आलं.

"धसई आपल्या वाटेत येत नाही," मी म्हणालो.

"येते."

"जन्या, सरळगावातून सरळ जायचं सोडून धसईला काय काम आहे? बाजार करायचाय? तांदूळ घ्यायचाय?"

"हिचं माहेर हाय ना तितं. भेटून जाऊ."

"माहेरच्यांना तू गेल्या दिवाळीतच भेटलास!"

टपरीवाल्यानं फडकं मारलं आणि आपला सगळा कोकण किनारा पुसून टाकला. वाद तिथेच राहिला. मी मनात धरून ठेवलं की याची धसईला जमीन-बिमीन आहे आणि हा मला साक्षीदार म्हणून नेतोय.

आणि तिसरा संशय, सगळ्यांत मोठा. आठवड्यात एखाद-दुसऱ्या सकाळी तुझा मेसेज यायचा. दोनच शब्द. "आज दांडी." तो आला की मी पोपटी सायकल परत आत घ्यायचो आणि तुला माझ्या निवेदनाच्या आवाजात उत्तर बोलून पाठवायचो: "सूचना! सूचना! सुप्रसिद्ध कामचोर जनार्दनराव यांनी आजही सरावाला दांडी मारलेली आहे, तरी सर्व ग्रामस्थांनी नोंद घ्यावी!" त्यावर तुझा अंगठा यायचा. नुसता पिवळा अंगठा. ना कारण, ना सबब.

माणूस दांडी मारतो तर त्याचा दम कमी व्हायला हवा. तुझा वाढत होता. मग तू नसताना काय करतोस? एका दांडीच्या सकाळी मी मोपेड काढली आणि तुझ्या घरी धडकलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, "दोगंबी गेलीत. उजाडायच्या आंदी."

"कुठे?"

"ते काय नाय सांगितलं."

दोघं! दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे चहाला आलो तर सुमनवहिनी कमरेवर हात ठेवून चहा देत होत्या, आणि बसताना आधी खाली उशी सारली आणि "आई गो" म्हणत हळूच टेकल्या. डॉक्टरकडे जातात, मी म्हटलं. दोघांपैकी कुणाला तरी काहीतरी आहे आणि हे मला सांगत नाहीत. वाटेत तुला खोदून विचारलं.

"वहिनींची तब्येत?"

"बरी हाय."

"तुझी?"

"बरी हाय."

"मग काल गेला होता कुठे?"

"सांगितलं ना. दांडी." आणि ओठाचा उजवा कोपरा.

म्हणून तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या सगळ्या संशयांची एक माळ झाली. याला माहीत होतं. याला काहीतरी दुखणं होतं. वेंगुर्ल्याला हा कधी जाणारच नव्हता. मला पळवत ठेवलं, मला गियर घ्यायला लावले, मला म्हशीशी बोलू दिलं नाही, आणि स्वतः गुपचूप दवाखान्याच्या फेऱ्या मारत राहिला. मी रडत होतो, जना, पण त्या रडण्यात अर्धा राग होता. मित्र गेला याचं दुःख माणूस पेलू शकतो. मित्रानं फसवलं आणि मग गेला, तर भांडायचं कुणाशी?

तुझं बारावं झालं आणि मी तुझा हवेचा पंप परत करायला घरी आलो. पंप हे निमित्त. मला वहिनींना विचारायचं होतं. पण पडवीत तुझी काळी सायकल उभी होती आणि मी तिथेच थांबलो. दांडीला गोधडीचा तुकडा गुंडाळलेला होता, माझ्याबरोबर असताना कधी न दिसलेला. चांगली जाड घडी, सुतळीनं आवळून बांधलेली. सुतळी माझ्या मंडपाची होती. गाठही माझ्याकडून शिकलेली.

"वहिनी, हे काय?"

त्यांनी एकदा सायकलकडे पाहिलं. "माजी जागा," म्हणाल्या.

मी पंप हातात धरून तसाच उभा राहिलो.

"बसा भावोजी," वहिनी म्हणाल्या. "लगीन झालं तवा ह्याच सायकलनं आनलं मला धसईवरनं. मला दांडीवर बसायचं व्हतं. हे बी तयार व्हते. आई वरडली. म्हनली, दांडीवर पोरं बसवतात, नायतर पिच्चरमदल्या बाया. तू मागं बस. बसले कॅरिअरवर. तवापासनं मागंच. मागं बसल्यावर काय दिसतं सांगा? ह्यांची पाठ. शर्टं बदलली, पाठ तीच." त्या हसल्या. "निरोपाच्या दिवशी घरी आले नी म्हनले, वेंगुर्ल्याला जातो. मी म्हटलं, जावा, मी नाय अडवत. पन आंदी मला धसईला न्या. दांडीवर. म्होरला रस्ता मला बी बघू द्या एकदा."

"म्हणजे त्या सकाळी तुम्ही..."

"सराव! भातसानगरच्या रस्त्याला. उजाडायच्या आंदी, कोनी बघू नाय म्हनून. पयल्या दिशी दोगंबी गवतात. मग जमलं. पन बसून बसून माजी काय दशा झाली..." आणि त्यांनी कमरेवर हात ठेवला. उशीचं कोडं सुटलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमाला?" वहिनी अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि मग तो तिथेच राहिला. त्याच्याआडून म्हणाल्या, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी धसईच्या वेशीवर मंडप घातला असता."

घातला असता. कमान आणि तुतारीसकट.

"नी सांगितलं नाय कसं?" त्या म्हणाल्या. "मेसेज टाकल्याबिगर निगत नव्हते. म्हनायचे, थांब गो, पद्याला सांगतो."

आज दांडी. आज दांडी. अरे चोरा! तू एकदाही खोटं बोलला नाहीस. मी तुला कामचोर म्हणून ओरडत होतो आणि तू बायकोला दांडीवर घेऊन, माझी सूचना फोनवर वाजवत, भातसानगरच्या रस्त्यानं चालला होतास. वहिनी म्हणाल्या, दोघं ती ऐकून इतकं हसायचात की सायकल हलायची. जन्मभर नाटकांत कामं मी केली, मिशा मी लावल्या, आणि सगळ्यांत लांबलेला विनोद तू केलास, दोन शब्दांत, माझ्याच तोंडावर. मी पडवीत बसून टाळ्या वाजवल्या, जना. खरंच वाजवल्या.

मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "वहिनी, त्याला काही दुखणं होतं?"

"नाय. मला बी संशय आला व्हता, नंतर. डॉक्टरला जाऊन इचारलं. म्हनले, कसलंच लक्षन नव्हतं." त्या सायकलकडे बघत राहिल्या. "यायचे व्हते ते, भावोजी. चड्डीपन घेतली व्हती नवी. ती सायकलवाल्यांची, गादीवाली."

म्हणजे तू येणार होतास. माझा सगळा राग एका झटक्यात निघून गेला आणि मला कळलं की तो होता तोवर बरं होतं. फसवून गेला असतास तर शिव्या देता आल्या असत्या. आता नुसता तू गेलास.

मी डोळे पुसत होतो तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आता तुमी दांडी मारनार ना?"

बघ! आयुष्यभर मी लोकांवर संशय घेत आलो आणि तुझी बायको मलाच संशयितांत उभं करते. मी छातीवर हात ठेवून उभा राहिलो. "वहिनी, हा पद्माकर शब्द देतो, वारा येवो, वादळ येवो..."

"माईक नाय हितं," त्या म्हणाल्या. "जानार का नाय ते सांगा."

माझी पोपटी सायकल भिंतीला टेकवलेली आहे, लग्नसराई जवळ आली आहे, एकट्यानं इतक्या लांब जायचं माझ्यात नाही, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी तुझ्या काळ्या सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली आणि म्हणालो, "जाणार. हिच्यावर. द्याल?"

"गोदामात बांबूच्या मागं नाय ना ठेवनार?"

"नाही."

"धसईवरनं?"

"धसईवरनंच." आणि मग मला वाटलं ते बोललो. धसईच्या वेशीपासून मी हँडल धरून चालेन, तुम्ही दांडीवर बसा, माहेरच्या दारापर्यंत, मला कुणी हसलं तर हसू दे.

वहिनींनी मान हलवली. "नाय. ती जागा त्यांच्या दोन हातांमदली व्हती." गोधडीची घडी नीट करत म्हणाल्या, "पन गोधडी सोडू नका. भावजयांना फोनवर सांगितलं व्हतं, दिवाळी झाल्यावर दांडीवर बसून येते. दोगी हसल्या. म्हनल्या, या वयात? थापा मारते. मी एस्टीनं म्होरं जाते, दारात उभी राते. तुमी घरावरनं हळू जावा. नी घंटी वाजवा. बघू दे त्यांना."

तर असं ठरलंय. वेंगुर्लं नंतरचं. आधी धसई. तिथे मी एक शब्द बोलणार नाही. ना कमान, ना तुतारी. गोधडी दिसेल अशा बेतानं, सावकाश, घंटी वाजवत तुझ्या सासुरवाडीवरून जाणार. वहिनी दारात असतील. तोंड मिटून इतका मोठा प्रवेश मी कधी केलेला नाही, त्याची भीती चढापेक्षा जास्त आहे.

गियरची सायकल मी भाच्याला देऊन टाकली. तुझी म्हैस मला अजून जुमानत नाही. सीट मी खाली केली, ती दुसऱ्या दिवशी आपली आपण वर सरकते, याचाही मला संशय आहे. टपरीपर्यंत जातो, मग थोडं पुढे. परतताना गप्प असतो. म्हशींशीसुद्धा.

आज सकाळी भातं कापायला माणसं शेतात उतरत होती. निघायच्या आधी तुझ्यासारखेच, तुझ्याच नंबरवर दोन शब्द टाकले: आज दांडी. तुझा फोन आता वहिनींच्या उशाशी असतो. त्यांना त्यातलं फक्त हिरवं बटण माहीत आहे, फोन घ्यायचं; मेसेज-बिसेज त्यांना येत नाहीत, त्यांनीच मला सांगितलंय. किन्हवलीच्या वाटेला लागलो आणि खिशात टुंग वाजलं.

अंगठा. नुसता पिवळा अंगठा.

मला संशय आहे, जना. पण हा एक मी तपासायला जाणार नाही.